पोत्यांवरून गेलेली ट्रॉली

लग्न होऊन आष्ट्याजवळच्या या गावात आले, तेव्हा आमच्या मळ्याकडं जाणाऱ्या पाणंदीत बारा महिने चिखल असायचा. एका अंगाला कालव्याचा पाझर, खाली काळी माती. दर उन्हाळ्यात घरचे मुरूम टाकत आणि पावसाळ्यात तो मातीत बुडून जाई.

नवरा लष्करात, रस्ते बांधणाऱ्या तुकडीत. गेल्या उन्हाळ्यात सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, आमच्याकडं असल्या दलदलीत आधी जाड कापड अंथरतात. पाणी त्यातून जातं, पण वरची खडी खालच्या चिखलात मिसळत नाही. तसलं कापड कुठून आणायचं, हा प्रश्न होता. माझे वडील माधवनगरला मागावर कामाला होते, त्यामुळं वीण बघायची सवय मला लहानपणापासूनची. मी खताचं रिकामं पोतं उसवलं, आतला प्लास्टिकचा कागद काढला आणि ते त्याच्यापुढं धरलं. त्यानं वर तांब्याभर पाणी ओतलं. ते हळूहळू झिरपलं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या दोन दिवस हसत होत्या.

"रस्त्याला वाकळ घालतीस व्हय गं?"

तिसऱ्या दिवशी मात्र त्या स्वतःच गल्लीभर फिरून पोती घेऊन आल्या. गल्लीतल्या बायका धरून आम्ही आठ जणी दाभण-सुतळी घेऊन अंगणात शिवायला बसलो. माझे टाके लांब पडत. आत्यांनी ते दोनदा उसवायला लावले.

नवऱ्यानं आधी कडेनं चर काढून पाझराचं पाणी ओढ्याकडं वळवलं. मग चिखल सारखा करून पोत्यांचे पट्टे अंथरले, एकाची कड दुसऱ्यावर हातभर चढवून. वर मुरूम पसरला, ट्रॅक्टर फिरवून दाबला आणि तो ड्युटीवर गेला.

पावसाळाभर मुरूम जागेवर राहिला. पण खरी परीक्षा उसाची होती. भरलेली ट्रॉली पाणंदीच्या तोंडाशी आली, तसा ड्रायव्हर खाली उतरला. मागच्या साली इथंच अडकलो होतो, आता न्हाई घालत, म्हणाला. आत्यांनी पदर खोचला.

"मी म्होरं चालते, तू मागनं ये."

त्या पुढं, मागं ट्रॅक्टर. ओढ्याजवळ पोती कमी पडली होती, तिथं चाक चारेक बोटं रुतलं आणि निघालं. ट्रॉली डांबरी रस्त्याला लागली, तेव्हा ड्रायव्हरनं उगाचच दोनदा हॉर्न वाजवला.

मी लगेच नवऱ्याला फोन लावला. तो चाक कुठं रुतलं ते विचारत होता, तेवढ्यात आत्यांनी फोन ओढून घेतला.

"तुज्या सायबाला इचार, शिवायला बाया पायजेत का. आमी आठजणी हाय."