मुळे सरांवर लागणारी बलं

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या फिजिक्सच्या स्टाफरूममध्ये एक फळा आहे, चहाची किटली आहे आणि मुळे सर आहेत. एवढं असलं की ते आपोआप साठतात. कोल्हापूरहून इंदूरला शिकवायला आले तेव्हापासून मी याच खोलीत बसते, आणि सध्या जरा बेचैन आहे. सर या महिन्यात रिटायर होताहेत. काकू गेल्यापासून इथल्या तुकोगंजात एकटेच राहतात. मुलगा मंदार त्यांना कायमचं पुण्याला न्यायचं म्हणतोय, आणि सर हो म्हणत नाहीत की नाही म्हणत नाहीत. त्यांनी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडची रीत अशी की कसलाही वाद झाला, की सर खडू पुढे करतात. "फ्री बॉडी डायग्राम काढा!" म्हणजे एक वस्तू बाकी सगळ्यांतून सुटी काढायची आणि तिच्यावर लागणारी बलं तेवढी बाणांनी दाखवायची.

*

एकदा लोखंडी कपाट शेजारच्या लॅबमध्ये न्यायचं होतं. ओढायचं की ढकलायचं, दोर किती कोनात धरायचा, यावर फळा भरला. उत्तर अचूक आलं. कपाट अलगद सरकलं आणि दारात अडकलं. दाराची रुंदी कुणी मोजलीच नव्हती. सर इंदुरी थाटात म्हणाले, "लो भिया, समतोल आला."

*

बलांच्या समतोलाचं प्रॅक्टिकल. कप्प्यांवरून दोरे, टोकांना वजनं, मधे कडी. एका पोरीचं उत्तर इतकं चोख, की चूक शून्य! सरांनी कडी बोटानं सरकवली, ती तिथेच थांबली. आणखी सरकवली, तिथेही थांबली. कप्प्या गंजून जाम झाल्या होत्या. पोरगी म्हणाली, "सर, ये तो जहाँ रखो वहीं बैलेंस है." सर म्हणाले, "बेटा, ये बैलेंस नहीं, आलस है." मग स्वतःच तेलाची कुपी घेऊन बसले.

*

आमचे सहकारी चौरसियाजी फार बोलके. एका सकाळी पोह्यांची प्लेट स्कूटरच्या सीटवर ठेवून मला समजावत होते, की उतार असला तरी घर्षण पुरेसं आहे, प्लेट घसरणार नाही. खरंच घसरली नाही. मग ते समाधानानं स्कूटरला टेकले. स्कूटर आडवी, पोहे, शेव, वरचा जिरावण मसाला, सगळं रस्त्यावर. कपडे झटकत म्हणाले, "मॅडम, हिसाब में मैं नहीं था."

*

गेल्या शनिवारी मंदार थेट स्टाफरूममध्येच आला. पुण्यात इंजिनिअर आहे. पुण्याला का यायचं हे तो सरांना पटवू लागला, तसा सरांनी खडू पुढे केला.

त्यानं गोल काढला, आत 'बाबा' लिहिलं आणि एकेक कारण सांगत बाण काढत गेला. तुम्ही फोन उचलला नाही की जीव घाबरा होतो. सारखं यायला रजा मिळत नाही. बापाला एकटं टाकलं म्हणून नातेवाईक टोमणे मारतात. सगळे बाण पुण्याकडे.

सरांनी पेपर तपासावा तसा फळा पाहिला. "बाण तर बरोबर आहेत रे. पण बॉडी चुकली. हे सगळे फोर्स तुझ्यावर लागताहेत."

मंदारनं 'बाबा' पुसलं आणि तिथं 'मी' लिहिलं. आम्ही उगाच कागद चाळत होतो.

सरांनी शेजारी नवा गोल काढला. "आता माझी काढ."

त्यानं खडू गोलाला टेकवला. एकही बाण निघेना. शेवटी फळ्याकडेच बघत त्यानं विचारलं, "बाबा, सकाळी तुम्ही कितीला उठता?"