बुबुळाच्या कडेला

डोळ्यांचे चार डॉक्टर जमले की मोतीबिंदूच्या गप्पा रंगतात. माझ्याकडे मात्र एका बारीकशा गाठीचेच किस्से जास्त साठलेत. मुद्दाम कोणी जमवत नाही हो! ओपीडी संपते, चहा येतो, आणि एकावरून दुसरा आठवतो. फक्त हसता हसता मध्येच चहा गार होऊन जातो.

गाठ जन्मजात. बुबुळाच्या कडेला हरभऱ्याच्या डाळीएवढा पिवळट उंचवटा. पोटात बाळ घडताना कातडीचा एक तुकडा चुकून डोळ्यावर बसतो, इतकंच. कातडीच ती, म्हणून कधी कधी तिच्यावर केससुद्धा उगवतात! खरवडून काढता येते. पण तिच्यामुळे बुबुळाचा आकार बिघडतो, धूसर दिसतं, आणि लहानपणी नीट न वापरलेला डोळा कायमचा आळशी होऊन बसतो. मग गाठ निघते, नजर येत नाही. सत्तरच्या दशकात मी नाशिकला डोळ्यांच्या दवाखान्यात आमच्या सरांच्या हाताखाली लागले, तेव्हा पेशंट यायचे ते बहुतेक असेच. उशिरा.

* * *

लासलगावच्या मार्केटातला एक हमाल आला. चाळिशीचा.

"बाई, डोळ्यात कांद्याचं टरफल गेलंय."

"कधी?"

"आई सांगती, लहानपणी!"

टरफल कसलं, गाठच ती. सरांनी काढली. पट्टी सोडल्यावर मी त्याचा चांगला डोळा झाकला आणि बोटं दाखवली. त्याला एकही मोजता येईना.

"आधी दिसायचं का या डोळ्यानं?"

"नाय, कधीच नाय. हा नुसता जोडीला असतो ना, बाई? मला वाटायचं, समद्यांनाच एकानं दिसतं!"

वॉर्ड हसला. तोही हसला. मग संध्याकाळपर्यंत तो एकेका खाटेपाशी जाऊन विचारत होता, "खरंच तुम्हाला दोन्हींनी दिसतं?"

* * *

दिंडोरीकडची एक सासू सुनेला आणि नातवाला घेऊन आली. आम्ही काही विचारायच्या आत तिनं निकाल देऊन टाकला, "हिनं पोटुशी असताना गिराणात वांगी चिरली. नको नको म्हणत होते मी!"

सून खाली मान घालून उभी. नातू चांगला सहा वर्षांचा होता, म्हणजे ही मान किती दिवस खाली होती बघा.

सर शांतपणे म्हणाले, "आजी, याचा ग्रहणाशी संबंध नाही. विळीशीही नाही. यात कुणाचीच चूक नाही."

तेव्हा सून पहिल्यांदा बोलली, "डॉक्टरसाहेब, हे जरा मोठ्यानं बोलाल का? बाहेर माझा नवरा बसलाय!"

सर उठले, दारात गेले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलले. पोराची नजर काही आली नाही. सून मात्र जाताना नवऱ्याच्या पुढे चालत होती.

* * *

अंबडच्या कारखान्यातल्या एका फिटरची मुलगी. मुलाकडच्यांनी अट घातली होती, आधी गाठ काढा. सरांनी तिला बजावलं, "गाठ जाईल, पण पांढरा डाग राहील." तरी काढली. मुलाकडचे बघायला आले. म्हणाले, "आधी पिवळं होतं, आता पांढरं. फरक काय पडला?" आणि चहा न घेता उठले!

ती तपासायला आली तेव्हा रडत वगैरे नव्हती. म्हणाली, "मॅडम, शाळेत असताना मी घरी म्हणायचे, गाठ काढा, फळ्यावरचं नीट दिसत नाही. तेव्हा बाबा म्हणाले, दुसरा डोळा आहे ना!"

* * *

पोस्टातले एक कारकून तान्ह्या मुलीला घेऊन आले होते. चार महिन्यांची. हे एकटेच वेळेवर आलेले! सर म्हणाले, "गाठ बारीक आहे. एवढ्याशा बाळाला भूल नको. थांबा. शाळेत घालायच्या आधी आणा." तेव्हा सगळेच असं सांगायचे.

माणूस शब्दाचा पक्का. शाळा जूनमध्ये, हे मे महिन्यात हजर. मुलीच्या अंगात नवा फ्रॉक. गाठ सुरेख निघाली. पण डोळा तोवर आळशी झाला होता. उपाय एकच, चांगला डोळा झाकून त्या डोळ्याला कामाला लावायचं. मी पट्टी चिकटवली. भर दुपार होती. पोर घाबरून म्हणाली, "बाबा, लाईट गेली?"

वडिलांच्या आवाजात तक्रार नव्हती. "साहेब, तुम्ही सांगितलं तेव्हाच आणली ना मी?"

"हो," सर म्हणाले. "तुम्ही अगदी वेळेवर आणलीत."

त्यानंतर "थांबा" हा शब्द सरांच्या तोंडून मी ऐकला नाही. तान्हं मूल असलं तरी दर तीन महिन्यांनी तपासायला बोलवायचे.

* * *

आणि वणीच्या पलीकडचा रघुनाथ. गावात केस कापायचं दुकान. मुलगा बाळू आठ वर्षांचा, गाठीवर चार काळे केस. भिंगातून बघते तर काय, केसांची टोकं एका रेषेत कातरलेली!

"हे कुणी कापले?"

"मीच."

"डोळ्यात कात्री घालता?"

"वाढले की टोचत्यात, लय रडतो. सोमवारी दुकान बंद असतं. मग पुढ्यात घेतो त्याला. डोळा वासून बसतो, एकदाबी हालला नाय."

सरांनी विचारलं, "आधीच दवाखान्यात का नाही आणलंत?"

"केसाचं काम हाय साहेब. म्हटलं, माझंच हाय."

ऑपरेशन झालं. गाठ गेली, केस गेले. नजर येणार नाही हे सांगितलं, तेव्हा रघुनाथ नुसता आपल्या हातांकडे बघत राहिला.

दोनेक महिन्यांनी तो एकटाच आला. सर दचकले. "काय झालं? बाळूला त्रास होतोय?"

"नाय."

"मग?"

"गेल्या सोमवारी सवयीनं पुढ्यात येऊन बसला, साहेब. डोळा वासून. आता काय कापू?"

"मग काय केलंत?"

"फुंकर मारली. म्हटलं, झालं, पळ. चालंल ना, साहेब?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"चालेल," म्हणाले. "फक्त जरा लांबून मारा."