मांजर कुणाचं, कबुतरं कुणाची

व्यंकटीला कबुतरांचं वेड आहे हे गावाला ठाऊक होतं, आणि वेडाला औषध नसतं हेही ठाऊक होतं. गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावरचं ते गाव. तिथं नदीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. व्यंकटीकडे थोडी कोरडवाहू जमीन होती, एक बैलजोडी होती आणि पार्वतीबाई नावाची बायको होती, जी सगळ्याच बाबतीत नवऱ्यापेक्षा शहाणी होती. माणूस गरीब स्वभावाचा. कुणी वरच्या आवाजात बोललं की आपलंच काहीतरी चुकलं असणार असं समजून मोकळा व्हायचा. आभाळात थवा दिसला की मात्र नांगरावरचं लक्ष उडायचं आणि तास वाकडं जायचं.

कबुतरं तशी त्याची नव्हती. कासिम पिंजाऱ्याची होती. साऱ्या गावाच्या गाद्या कासिमभाईच्या हातच्या, आणि व्यंकटीचं लहानपण त्याच्याच अंगणात गेलेलं. पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, आणि पुढच्या साली कासिमभाई गप्प गप्प राहू लागला. गावात त्याला कुणी वावगं बोललं नव्हतं. पण पूर्वीसारखी हाकही कुणी मारत नव्हतं. शेवटी त्यानं हैदराबादला भावाकडे जायचं ठरवलं. घराला कुलूप लावलं आणि ढाबळ, म्हणजे कबुतरांचं ते खणाखणांचं लाकडी घर, व्यंकटीच्या बैलगाडीत चढवलं.

"दिली न्हाईत बरं का तुला," तो म्हणाला. "अमानत हाय. मी आलो की घेऊन जाईन."

कबुतरांच्या पायांत बारीक पितळी घुंगरू होते आणि पंखांना दोरा बांधलेला होता. नव्या जागी अंडी घालून पिलं निघेपर्यंत दोरा सोडायचा नाही, एवढं त्यानं दोनदा बजावलं. व्यंकटीनं मान हलवली. त्या दिवसापासून त्याच्या जिवाला एकच घोर लागला, की कासिमभाई परत येईल तेव्हा ही पाखरं धडधाकट त्याच्या हवाली झाली पाहिजेत.

आणि मग पोळा आला. व्यंकटीनं बैल धुतले, शिंगं रंगवली, जुन्या वेसणी काढून नव्या घातल्या. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, मुक्या जिवाला जाच करत नाहीत. बैलांना पुरणपोळी भरवता भरवता त्याचं लक्ष ढाबळीकडे गेलं. बैल मोकळे आणि पाखरं तेवढी जखडलेली, हे त्याला कसंसंच झालं. आजच्या दिवशी हे पाप नको, म्हणून त्यानं एकेकाला धरून सगळ्यांचे दोरे सोडले. संध्याकाळी ज्वारी टाकली तर झाडून सगळी पाखरं परत आली. व्यंकटी खूश झाला. कासिमभाई उगीच भीत होता, असं त्यानं बायकोला सांगितलंही.

दोन-चार दिवसांनी पांढरी मादी सकाळी दिसली नाही. शेजारच्या धुरपताबाईच्या उंबऱ्याशी मात्र पांढरी पिसं दिसली, आणि पिसांशेजारी तिची कबरी मनी मिशा चाटत बसलेली. धुरपताबाई एकटी म्हातारी. तिच्या ओट्यावर गावभरची मांजरं यायची, पण मनी तिच्या जिवाची. व्यंकटीनं भीत भीत गाऱ्हाणं मांडलं, तेव्हा मांजरानं पाखरू धरू नये तर काय भजन करावं, असं तिनं विचारलं. व्यंकटीला ते पटलं आणि तो घरी आला. घरी आल्यावर ते पटेनासं झालं.

मग पाखरं एकेक करून कमीच होऊ लागली. व्यंकटीनं भिंतीवर बाभळीच्या काट्या रचल्या. परभणीच्या बाजारातून जाळी आणली, ती रात्री ढाबळीला लावायची आणि दिवसा पाखरं उडायला सोडायची. एक कुत्रं आणून बांधलं, तर मनीनं पहिल्याच दिवशी त्याच्या नाकाडावर पंजा मारला आणि ते पार्वतीबाईच्या पदराआड जाऊन बसलं. मांजर मारायची तर सोयच नव्हती. मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, आणि व्यंकटीच्या घरात मातीचंसुद्धा नव्हतं.

शेवटी चावडीवर बैठक बसली. आप्पाराव पाटलांनी पहिलाच सवाल टाकला, मांजर कुणाचं? धुरपताबाईनं शांतपणे सांगितलं, "मांजर मानसाचं नसतंय पाटील. घराचं असतंय." मग निदान त्याला दूध कोण घालतं, हे पाटलांनी विचारलं. तेव्हा मनी सकाळी पलीकडच्या घरच्या किशनरावांकडे दूध पिते, दुपारी धुरपताबाईकडे, आणि तिन्हीसांजेला खुद्द व्यंकटीच्या चुलीपाशी, असं निघालं. पार्वतीबाई म्हणाली, उंदीर वाढले होते, मग घालायचे थोडं. सगळे हसले. जिच्यावर फिर्याद करायची ती निम्मी आपल्याच घरची निघाली, आता दाद मागायची कुणाविरुद्ध, हे व्यंकटीला कळेना. न्याय काही झाला नाही.

तेव्हा त्यानं उपाय केला तो असा. मांजर वाहत्या पाण्यापलीकडे सोडलं की परत येत नाही, हे सगळेच जाणतात. एका दुपारी त्यानं मनीला पोत्यात घातलं, लिंबाजी भोयाच्या नावेतून गंगा ओलांडली आणि पल्याडच्या काठावर पोत्याचं तोंड सोडलं. कुणाला सांगू नको, असं लिंबाजीला विनवलं. परतताना त्यानं मागं पाहिलं नाही.

मांजर गेलं, तरी पाखरं जायची थांबेनात. आता मात्र व्यंकटीचं डोकं चालेना. काट्या जागच्या जागी, जाळी धड, पिसाचा मागमूस नाही, आणि रोज ढाबळीत एखादा खण रिकामा. पार्वतीबाई म्हणाली, तुमच्या डोक्यातच मांजर शिरलंय. तिकडे धुरपताबाई रोज संध्याकाळी ओट्यावर उभी राहून "मने, मने" अशा हाका मारायची. ती हाक कानी आली की व्यंकटी ताटावरून उठायचा.

एक दिवस म्हातारी त्याच्याच दारात आली. तुझं नि तिचं वैर होतं, म्हणून तूच तिला बरोबर ओळखशील, माझ्यासंगं शोधायला चल, म्हणाली. नाही कसं म्हणणार? लपवणारा आणि शोधणारा एकच, अशी त्याची गत झाली. दोघं गावभर हिंडली आणि हिंडता हिंडता पिंजाऱ्याच्या बोळात आली. कासिमभाई गेल्यापासून व्यंकटीनं त्या बोळात पाऊल टाकलं नव्हतं. बंद दार बघवत नव्हतं.

वरून घुंगरू वाजले. कुलूप लावलेल्या घराच्या वळचणीला ओळीनं कबुतरं बसली होती. सगळी तीच. एक नर अंगणाकडे तोंड करून घुमत होता, जणू आता आतून कुणी दाणे घेऊन येणार. समोरच्या घरच्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, कवाची हितंच हायेत की, आम्हाला वाटलं तुमाला ठाऊक आसंल.

व्यंकटीनं एकेक पाखरू मोजलं. मनीनं खाल्लं ते एक पाखरू. बाकीची घरी गेली होती. धुरपताबाई वर बघत म्हणाली, "धनी गेला म्हून ह्यांला कुनी सांगितलंच न्हाई व्हय रं?"

"मावशे," व्यंकटी म्हणाला, "मनी पल्याड हाय. म्या सोडली."

म्हातारीनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती तशीच गंगेकडे चालू लागली आणि हा मागून. नावेशी लिंबाजी जणू वाटच बघत होता. मांजर सोडलं तिथंच बसलंय, म्हणाला. गावात शिरत नाही, भाकरीचा तुकडा टाकला तर खातं, आणि पुन्हा अल्याडच्या काठाकडे तोंड करून बसतं. तूच सांगू नको म्हणालास, मग मी कुणाला सांगू?

नाव पलीकडे टेकली तशी हाडकलेली मनी आपण होऊन आत चढली आणि धुरपताबाईच्या लुगड्यात शिरली. म्हातारीला रडू आवरेना. येताना व्यंकटीनंच वल्हं मारलं.

त्यानंतर त्यानं कबुतरं धरून परत आणली नाहीत. ढाबळ उचलून पिंजाऱ्याच्या ओट्यावर नेऊन ठेवली. रोज सकाळी तो तिथं ज्वारी टाकायचा आणि पाखरांचं खाऊन होईस्तोवर हातात काठी घेऊन बसायचा, कारण मनीनं काही व्रत घेतलेलं नव्हतं. एकदा आप्पाराव पाटील तिथून चालले होते. गंमत म्हणून त्यांनी चावडीवरचाच सवाल केला, व्यंकटी, कबुतरं कुणाची रं ही?

व्यंकटी गोंधळला. आपली म्हणावी तर अमानत, कासिमभाईची म्हणावी तर कासिमभाई नाही.

"घराची," तो म्हणाला. मग म्हणाला, "पाटील, मनीला आनायला आमी गंगेपल्याड गेलो. कासिमभाईला आनायला आपून कुनीच कसं गेलो न्हाई?"

पाटलांनी पागोटं सारखं केलं. व्यंकटीनं उरलेली ज्वारी अंगणात टाकली, आणि पाखरं खाली उतरली.