गावाला आवडलेला आजार

एका अनोळखी माणसाच्या आजाराविषयी माझ्यासारख्या शाळामास्तराने लिहावे, हे धाडसच आहे; क्षमा असावी.

राजूरहून अकोल्याला जाणाऱ्या जीपमध्ये तो माझ्या शेजारी होता. त्याने गोळी गिळली आणि जीभ बाहेर काढून बायकोला दाखवली. तिने मान डोलावली.

"बायपोलर हाय," तो मला म्हणाला, आपल्या गावाचे नाव सांगावे तसे. "कधी लई वर, कधी पार खाली."

वर असताना तो तीन-तीन दिवस झोपत नसे. त्याच भरात त्याने बँड लावून म्हशीचे बारसे केले होते. गाव जेवून गेले. आजार कोणालाच दिसला नाही. पुढे त्याने अंथरूण धरले, तेव्हा डॉक्टर आठवले.

पुढच्या बाकावरून त्यांच्या गावच्या जत्रेचे पुढारी वळले. "दादा, आठ दिवस गोळ्या बंद ठेवा की! तुमच्यासारखं न झोपता कोन राबनार?"

"मागल्या खेपेला हे हिरीच्या काठावर बसून हुते, तवा राखनीला तुमी आल्ता व्हय?" बायकोने विचारले.

पुढारी खिडकीबाहेर पाहू लागले.

"मी बरा झालेला गावाला आवडत न्हाई, गुरुजी," तो हसून म्हणाला आणि गोळ्यांची पट्टी त्याने बायकोच्या हाती दिली.

माझ्या जागी तुम्ही असता, तर पुढाऱ्यांना काय म्हणाला असता?