लॅबचा प्रोग्राम आणि सावंत मॅडमचे फोन

प्रोग्राम सुरळीत चालला तर त्याचा किस्सा होत नाही. अडला की होतो! त्यामुळे आमच्या परळच्या ऑफिसात किस्से भरपूर.

आम्ही तिघं: मी, लालबागचा सुशांत आणि नायगावची रुपाली. एका पॅथॉलॉजी लॅबसाठी रिपोर्ट काढणारा प्रोग्राम आम्ही लिहिला. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायची, एंटर मारायचं. वापरणाऱ्या लॅबच्या सावंत मॅडम. पहिल्याच दिवशी त्यांचा फोन.

"स्क्रीनवर आलंय, 'काहीतरी गडबड आहे'. ते मलाही दिसतंय! गडबड काय ते सांगा ना!"

तेव्हापासून नियमच केला. काय बिघडलं, कुठे बिघडलं आणि आता काय करायचं, हे मेसेजमध्ये आलंच पाहिजे.

*

सुशांतने त्यावर वेगळाच उपाय काढला. एरर आला की गुपचूप गिळायचा! प्रिंटर बंद, एकही रिपोर्ट छापला नाही, आणि स्क्रीनवर ऐटीत 'सर्व काम पूर्ण'.

रुपाली म्हणाली, "अरे, हा प्रोग्राम आहे की निवडणुकीतला उमेदवार?"

*

मग दुसरं टोक. सुशांतचा प्रोग्राम बारीकसारीक सगळं लॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या नोंदींच्या फाईलमध्ये, लिहायला लागला. लॉग फुगला, डिस्क भरली, प्रोग्राम बंद! कारण शोधायला लॉग उघडला, तर 'डिस्क भरली' एवढं लिहायलाही जागा उरली नव्हती.

*

टेस्टिंगसाठी सुशांतने एक मेसेज मालवणीत लिहिला होता. तो तसाच लॅबमध्ये गेला: 'मेल्या, फाईल खंय ठेवलंस?'

मॅडमचा फोन आला. मी माफी मागणार, तोच त्या म्हणाल्या, "गावली रे फाईल! पण ता वाक्य काढू नको हां. पहिल्यांदाच माका नीट समाजला!"

*

रक्तगट जुन्या नोंदीशी जुळला नाही तर काय करायचं? सुशांत म्हणत होता, "वॉर्निंग देऊ, रिपोर्ट जाऊ दे."

रुपाली अडून बसली. "वॉर्निंग वाचतं कोण? थांबायचं म्हणजे थांबायचं." तिचंच चाललं.

एका दुपारी मॅडम फोनवर तापलेल्या. "पोरीचं ऑपरेशन आहे, सर्जन खोळंबलेत आणि तुमचा प्रोग्राम रिपोर्टच देत नाही! चालू करा आधी!"

रुपालीने फोन घेतला. "मॅडम, माझ्यावर ओरडा, पण रक्त पुन्हा घ्या, पुन्हा तपासा."

फोन कट. आमचे डबे तसेच राहिले.

संध्याकाळी कळलं. दोन नळ्यांची अदलाबदल झाली होती. नव्या नमुन्यावर बरोबर रक्तगट निघाला, ऑपरेशन नीट झालं.

काही दिवसांनी पुन्हा फोन. "रुपाली, ताबडतोब लॅबमध्ये ये."

"आता काय अडलं, मॅडम?"

"प्रोग्राम नाही गं. पोरीची आई आलीय वरळी कोळीवाड्यातून. पापलेटांची टोपली काउंटरवर ठेवून बसलीय. म्हणते, ज्यानं अडवलं त्याच्याच हातात देणार!"