तिघींना सांगितलेली एकच गोळी

मला वाचवलं ते अक्कानं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तिनं माझी जी टर उडवली आहे ती वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको. अक्का माझी सख्खी बहीण नव्हे. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी आणि कामात तर कितीतरी मोठी. घरी तेलुगू, वडील जन्मभर मागावर टॉवेल विणणारे. त्या खडखडाटात वाढल्यामुळे ती साधं "चहा घे" म्हणाली तरी रस्त्यापलीकडचा माणूस मागं वळून बघतो.

मी आले भंडाऱ्याच्याही पलीकडून, धानाच्या मुलखातून. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे एक दिवस गेले नाही, मग दुसऱ्या दिवशीही गेले नाही. नाव कमी करायला घरातलं कुणी गेलंच नाही, आणि बाई म्हणे वर्ष संपेपर्यंत हजेरीत माझं नाव पुकारत राहिल्या. पुढचं सगळं, प्रोग्राम लिहायलासुद्धा, मी मोबाइलवर बघून बघून शिकले. या ऑफिसच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, फोनवरच परीक्षा घेतली, शिक्षण विचारायचं विसरले, आणि तीन महिन्यांच्या बोलीवर बोलावलं. जमलं तर कायम, नाही तर परतीची गाडी. बाबा रोज फोनवर म्हणायचे, "नाही जमत तं येऊन जाय ना बाई." मायेनंच म्हणायचे, पण मला ती गाडीची शिट्टीच ऐकू यायची.

माझ्याकडे दिलेलं काम तसं छोटं होतं. इथले टॉवेल-चादरीचे व्यापारी गठ्ठे ट्रान्सपोर्टनं पाठवतात. गठ्ठा कुठवर पोचला हे गिऱ्हाइकाला मोबाइलवर दिसायला हवं. गिऱ्हाईक पावतीचा नंबर टाकणार, आमचा प्रोग्राम तीन ट्रान्सपोर्टवाल्यांच्या कॉम्प्युटरला एकाच वेळी विचारणार, "हा गठ्ठा तुमच्याकडे आहे का?" ज्याचं "आहे" असं उत्तर आधी येईल ते दाखवायचं. चाचणीसाठी पाच-सहा दुकानांना तो दिलाही होता. तिघांतल्या एकाचा कॉम्प्युटर मात्र पेंगुळलेला, कधी मिनिटानं बोलायचा, कधी बोलायचाच नाही. म्हणून मी हुशारीनं टाइमआउट लावला. दहा सेकंद वाट बघायची, नंतर "थोड्या वेळाने पाहा" असं दाखवायचं.

तरी प्रोग्राम रोज दुपारी साडेबाराच्या सुमाराला गपगार व्हायचा. कारण कळेना, आणि विचारायची छाती होईना. विचारलं तर "कितवी झालीस?" हा प्रश्न येईल ही धास्ती. मग मी पाण्याच्या निमित्तानं उठायची, जाता जाता सर्व्हर बंद करून चालू करायची, आणि खरंच ग्लासभर पाणी पिऊन यायची.

एकदा अक्का मान वर न करता म्हणाली, "तुला रोज साडेबारालाच तहान लागती व्हय गं?"

मी ग्लास खाली ठेवला.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मला ताप भरला. एप्रिलचं ऊन, माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. मी अक्काला फोन केला, "तापाची गोळी आणशील का?" ती म्हणाली, आणते. पाच मिनिटं झाली, कुणी आलं नाही. मला वाटलं, विसरली. म्हणून तळमजल्यावरच्या घरमालकीण काकूंना फोन केला. आणखी पाच मिनिटं गेली. मग मेसवाल्या मावशींना निरोप धाडला, गोळी आणि जमलं तर थोडी पेज. तेवढ्यात अक्का आली. मी गोळी घेतली, पांघरूण ओढलं आणि झोपले.

जाग आली ती दारावरच्या थापांनी. आधी मावशी, हातात पेजेचा डबा. त्यांच्यामागून कठडा धरत, एकेका पायरीला देवाचं नाव घेत काकू. काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले, त्या तीन जिने चढल्या होत्या. त्यांनी सुनेला औषधाच्या दुकानात पाठवलं होतं, तिथं गोळी मिळाली नाही म्हणून सुनेनं आपल्या भावाला फोन लावला होता, आणि तो गोळी आणून आता खाली मोटारसायकलवर बसून हॉर्न वाजवत होता. खाटेच्या कडेला बसलेली अक्का पोट धरून हसत होती.

"लगीन हाय का काय हितं? वऱ्हाड जमलंय की!"

"अय्यो, गोळी घेतलीस व्हय?" काकू उंबऱ्यातच बसल्या. "मग सांगायचं की गं! मला सांगितली असतीस तर मी सुनेला सांगितले असते, सून भावाला सांगितली असती. आता त्या पोराला काय सांगू?"

मावशी म्हणाल्या, "माजं तर आधण ठेवलेलं. नुसतं राहू द्या म्हणाली असतीस तर गॅस बंद करून दुसऱ्या कामाला लागले असते."

मी तापानं लाल होते, त्यात शरमेचीही भर पडली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तर अक्का माझ्या खुर्चीत बसून माझा प्रोग्राम वाचत होती. मग एकदम टेबलावर थाप.

"अगं, ही तर तूच हैस की! तिघांना पळवलीस, एकानं आणून दिलं, आन तू पांघरूण घेऊन झोपलीस. बाकीचे दोघं अजून जिन्यात!"

"पण मी टाइमआउट लावलाय," मी पुटपुटले. "दहा सेकंदांचा."

"तो तुझ्यापुरता. तू वाट बघायची थांबलीस. काकू जिना चढायच्या थांबल्या का?"

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. गिऱ्हाइकाला उत्तर मिळायचं, किंवा ते कंटाळून मोबाइल बंद करायचं, पण आत आमचा प्रश्न त्या पेंगुळलेल्या कॉम्प्युटरच्या दारात तसाच उभा. असे प्रश्न सकाळपासून साठत जायचे, आणि साडेबारापर्यंत जिना इतका भरायचा की नव्याला पाऊल ठेवायला जागा नाही.

मी घाबरत म्हणाले, "अक्का, मला हे कुणी शिकवलंच नाही. मी नववीपर्यंतच शिकलेय."

"मग? मी कॉलेज केले. तिथं बी न्हाय शिकवले. सरक तिकडं."

पुढचे चार दिवस तिनं आपलं काम बाजूला ठेवून माझं दुरुस्त करून घेतलं, आणि शिकवताना दर वेळी त्या तापाच्या दिवसाला वेठीला धरलं. एकाचं उत्तर आलं की बाकीच्यांना लगेच "राहू द्या" सांगायचं. ज्याला सांगू त्यानं आपण पुढं पाठवलेल्याला सांगायचं, काकू ते सून ते भाऊ. काम करणाऱ्यानंही प्रत्येक जिन्याच्या वळणावर थांबून "अजून हवंय ना?" विचारायचं, नाही तर आपण सांगितलेलं त्याला ऐकूच येत नाही. आणि अर्ध्यात सोडून निघायचं झालं तरी गॅस बंद करून निघायचं, म्हणजे धरलेली जोडणी सोडून द्यायची. त्या कामाला मी प्रोग्राममध्ये नावच 'राहूद्या' दिलं. सरांनी विचारलं, हे काय? अक्का म्हणाली, "काकूंचं गुडघ्याचं औषध हाय, सर."

बोलीच्या शेवटच्या शुक्रवारी व्यापारी शेठ स्वतः बघायला आले. आमच्या ऑफिसचं मोठं गिऱ्हाईक. यांच्यासमोर प्रोग्राम अडकला तर माझी गाडी ठरलेली. आणि शेठ तरी कसे, नंबर टाकायचे, उत्तर यायच्या आत परत दाबायचे, बंद करायचे, परत उघडायचे. सोबतच्या मुनीमांनाही तेच करायला लावायचे. पेंगुळलेला कॉम्प्युटर नेहमीसारखाच मुका. माझ्या पडद्यावर 'राहूद्या', 'राहूद्या' अशा ओळी सरकत होत्या. साडेबारा वाजले.

"तहान लागली का गं?" शेजारून अक्का.

मी खुर्ची घट्ट धरून बसले. पाऊण वाजला. एक वाजला. शेठ म्हणाले, "येतंय की पटपट," आणि जेवायला गेले. मला तेव्हा खरोखरच तहान लागली.

सर म्हणाले, "सोमवारी ये, कायमचं करून टाकू. कागदं घेऊन ये."

कागदं! मी अक्काकडं बघितलं. शाळेचे गुण? दाखला?

"आधार कार्ड आन दोन फोटो," अक्का म्हणाली. "नववीचं मी परवाच सांगितलेय त्यांना. घाबरू नको, सरांचं इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला अडकलंय, अजून सुटलं न्हाय."

सर खाकरून आत गेले.

संध्याकाळी जिना उतरताना मी तिला म्हटलं, "अक्का, तुझे उपकार मी कसे फेडू?" तिनं हात झटकला. "राहू दे गं."

अक्काचं हे एकच 'राहू दे' मी मानणार नाही. तिनं म्हणे आयुष्यात भाताचं हिरवं शेत डोळ्यांनी बघितलेलं नाही. एक दिवस तिला माझ्या गावी नेईन, तलावाच्या पाळीवर बसवीन, नव्या तांदळाचा भात आणि आईच्या हातचा झिंग्यांचा रस्सा पोटभर वाढीन. हे मी करणारच, कितीही वर्षं लागोत. आणि झिंगे आणायला एकालाच सांगेन.