सर्व्हरच्या पूजेला मी बाहेर

"पूजा होईपर्यंत तू बाहेर टेबलावर बस. तिथूनच चालव सगळं. हेच तर आपल्या सर्व्हरचं कौतुक आहे ना, माणूस आत नसला तरी काम होतं." मग आवाज खाली आणून, "आई जुन्या वळणाची आहे गं. समजून घे."

एवढं बोलून श्रीकांतदादा काचेच्या दारातून आत गेला. सर्व्हर मी उभा केलेला, करामत माझी, आणि तीच करामत दाखवून मला बाहेर बसवलं. टाळी द्यावी की थोबाडीत, कळेना.

तर मंडळी, रंगमंच असा. गुडगावात तेव्हा मोहरीच्या शेतांतून काचेच्या इमारती उगवत होत्या. त्यातल्या एकीत आमची कंपनी परदेशी गिऱ्हाइकांसाठी नकाशे काढायची. मी फरीदाबादहून बस बदलत, धूळ खात यायची. वडील तिथल्या कारखान्यात टर्नर. गिऱ्हाइकाला त्याच्या देशातून आमच्या मशीनवर शिरता यावं, नकाशांच्या फायली नेता-आणता याव्यात आणि वाटेत त्या कुणाला वाचता येऊ नयेत, ही व्यवस्था मी उभी केली होती. प्रत्येकाची किल्ली वेगळी. जुळली तर आत, नाही तर बाहेर. मशीन दुसरं काही विचारत नाही. मला ते फार आवडायचं.

श्रीकांतदादा माझा साहेब. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. मुलाखत त्यानंच घेतली. अर्ज वाचून म्हणाला, इथे तुझं आणि वडिलांचं नाव पुरे, आडनाव कशाला? मला वाटलं, परक्या मुलखात भाऊ भेटला. रोज माझ्या डब्यातला ठेचा मिटक्या मारत खायचा, आणि डोळ्यांतून पाणी आलं की मलाच शिव्या द्यायचा.

पंजाबी मालकाला माझं आडनाव कळलं असतं, तरी त्याचा अर्थ लागला नसता. अर्थ लागणारा माणूस ऑफिसात एकच. आणि तो माझा होता.

खंडेनवमीला हत्यारं पुजतात, आपलं हत्यार म्हणजे सर्व्हर, हे मालकाला दादानंच पटवलं. मालक खूश. बिल्कुल होना चाहिए. झेंडू आला, नारळ आला, पुण्याहून काठापदराची साडी नेसून दादाची आई आली, मुलाचं कौतुक बघायला. चहावाल्यापासून मालकापर्यंत सगळे आत. चपला दाराबाहेर. चपलांशेजारी मी.

खरं सांगते, पूजेचं मला काडीचं वेड नव्हतं. आम्ही बौद्ध. वडिलांनी देव केव्हाच घराबाहेर काढलेले. काळजी होती ती सर्व्हरच्या पंख्यात अक्षता जाण्याची. पूजा झाली की बाहेरूनच पहिली फाइल पाठवायची आणि गप्प बसायचं, असं मनाशी ठरवलंही होतं.

उदबत्तीच्या धुरासाठी कुणीतरी दार उघडं ठेवलं. म्हणून पंडितजी स्वच्छ ऐकू आले. हातात लाल धागा धरून म्हणाले, "जिसने मशीन खड़ी की है, वही बाँधे।"

दादानं हात पुढे केला.

क्षणभरही अडखळला नाही. ठेच्यासाठी करायचा, तसाच सहज.

मी उठले. चपला काढल्या, आत गेले. "पंडितजी, मशीन मैंने खड़ी की है।"

दादा दातांतल्या दातांत पुटपुटला, "आत्ता नको. आई आहे."

"म्हणूनच," मी म्हटलं. आईंकडे वळून माझं पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट. सावकाश. बाईंनी पदर आवरून घेतला आणि त्या भिंतीला टेकल्या. मालक विचारत होता, क्या हुआ भई? कुणी भाषांतर केलं नाही.

पंडितजींनी धागा माझ्यापुढे धरला. मी तो ताटात ठेवला. धागा मला नको होता. खुर्ची ओढली, सगळ्यांच्या पुढ्यात बसले, फाइल पाठवली. पलीकडून पोचल्याचं उत्तर आलं. मालकानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. दादानं नाही.

संध्याकाळी जिन्यात त्यानं गाठलं. आईसमोर माझी मान खाली घातलीस, म्हणाला. "इतके दिवस तुझं आडनाव झाकून ठेवलं. कुणासाठी?"

तेव्हा लख्ख कळलं. झाकत होता तो मला नाही. माझ्या डब्यातलं खाणाऱ्या स्वतःला.

"स्वतःसाठी, साहेब," मी म्हटलं. दादा हा शब्द तिथेच, जिन्यात, संपला.

त्याला वाटलं, मी राजीनामा देईन. का देऊ? दुसऱ्या दिवशी वेळेवर गेले. सर्व्हरवरचं माझं जुनं खातं पुसलं आणि नवं उघडलं, आडनावाचं. आत शिरताना पडद्यावर येणाऱ्या पहिल्या ओळीतही तेच नाव घातलं. आता त्या मशीनवर शिरणाऱ्या प्रत्येकाला, इथल्या आणि परदेशातल्या, ते वाचावं लागेल. पुढेही जिथे जिथे मशीन उभं करीन, तिथे पहिलं नाव हेच असेल. ज्याला विटाळ वाटेल, त्यानं बाहेर बसावं.